जड चेंडूने हात वेगवान होतो का?

पावसाळ्यात टेनिसच्या चेंडूने गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना एक गोष्ट कोणी न शिकवताच ठाऊक असते. चेंडू डबक्यात पडला की त्याच्यावरची लव पाणी पिते आणि चेंडू जड होतो. तो दहा-वीस वेळा फेकला आणि मग कोरडा चेंडू हातात घेतला, की तो पिसासारखा वाटतो. आपला हात एकाएकी ताकदवान झाला असे वाटते. यातून मुले एक निष्कर्ष काढतात: जड चेंडूने सराव करावा, म्हणजे हलका चेंडू आपोआप जोरात जाईल.

हाच निष्कर्ष मोठी माणसेही काढतात. टेनिस शिकवणारे प्रशिक्षक जुन्या चेंडूला चीर पाडून त्यात वाळू भरतात, चीर चिकटवतात आणि मुलांना तो सर्व्हिसच्या ढंगाने फेकायला लावतात. टेनिसच्या चेंडूच्या आत सुमारे ८० घनसेंटिमीटर पोकळी असते. ती पाण्याने भरली तर ५७ ग्रॅमचा चेंडू १३५ ग्रॅमच्या आसपास जातो, कोरड्या वाळूने भरली तर १८० ग्रॅमच्या. खेळाच्या सामानाच्या दुकानांत असे वजनदार चेंडू तयारही मिळतात. हातात दाबायचे मऊ चेंडू वेगळे आणि दोन्ही हातांनी फेकायचे किलो-दोन किलोचे मेडिसिन बॉल वेगळे. शाळेत खेळ घेणाऱ्या शिक्षकाकडे कधी ना कधी विद्यार्थी विचारायला येतोच: ‘सर, हा चेंडू घेऊ का?’ त्याला उत्तर देण्याआधी थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे शरीरशास्त्र बघायला हवे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू ५६.० ते ५९.४ ग्रॅमचा असतो. क्रिकेटचा सीझन चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीनपट जड. हाताने लावलेले बल तेच असेल, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार टेनिसचा चेंडू पावणेतीनपट त्वरणाने निघायला हवा. प्रत्यक्षात दोन्हींच्या वेगांत फारसा फरक पडत नाही. मग नियम चुकला का?

नियम बरोबर आहे, पण आपण एक वस्तू मोजायची विसरलो. ती वस्तू म्हणजे हात. फेकताना आपण नुसत्या चेंडूला वेग देत नाही. तळहात, मनगट, पुढचा हात, दंड या सगळ्यांना देतो. पन्नास किलोच्या मुलाचा एक हात साधारण अडीच किलोचा असतो. त्यातला खांद्याजवळचा भाग सावकाश फिरतो आणि बोटांजवळचा वेगाने, म्हणून हिशोबासाठी हाताचे परिणामी वस्तुमान १ किलो धरू. (खरा आकडा माणसागणिक बदलेल; इथे आपल्याला फक्त अंदाज हवा आहे.) स्नायूंनी दिलेली ऊर्जा दरवेळी तेवढीच आहे असेही तूर्त मानू. आता ही ऊर्जा हात आणि चेंडू यांच्या एकत्रित वस्तुमानाला मिळते. टेनिसचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सुटत असेल, तर सीझन चेंडू १९ मीटरने सुटेल. एक किलोचा गोळा साडेचौदा मीटरने. आणि कागदाचा बोळा, ज्याचे वजन जवळजवळ शून्य, तो फक्त २०.६ मीटरने! विद्यार्थ्यांना हे आकडे स्वतः काढायला सांगा. गतिज ऊर्जेच्या सूत्रापलीकडे काही लागत नाही.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. टेनिसच्या चेंडूबरोबर एकूण ऊर्जेचा जेमतेम अठरावा हिस्सा बाहेर जातो. बाकीची ऊर्जा हातातच उरते आणि चेंडू सुटल्यावर हाताला थांबवावे लागते. हे थांबवण्याचे काम खांद्याच्या मागच्या बाजूचे लहान स्नायू करतात, तेही स्वतः ताणले जात असताना. रिकामा हात जोरात झटकला किंवा कागदाचा बोळा जीव खाऊन फेकला, की खांद्यात सणक का येते ते यावरून कळते. म्हणजे हलका चेंडू निरुपद्रवी आणि जड तेवढा धोक्याचा, असे नाही. जड चेंडूचा त्रास फेकीच्या आधी असतो, हलक्याचा फेकीनंतर.

(जाता जाता: सीझन चेंडू थोड्या कमी वेगाने सुटूनही टेनिसच्या चेंडूपेक्षा लांब का जातो? हवेमुळे. सेकंदाला २० मीटर वेगाने जाताना दोन्ही चेंडूंवर हवेचा विरोध जवळजवळ सारखाच, ०.४५ न्यूटनच्या आसपास असतो. टेनिसच्या चेंडूच्या वजनाच्या तो पाऊणपट आहे, सीझन चेंडूच्या वजनाच्या जेमतेम तीस टक्के. म्हणून कोणाचा हात वेगवान हे फेकीच्या अंतरावरून ठरवायचे असेल तर चेंडू एकच हवा.)

स्नायूंची ऊर्जा ठरलेली आहे असे आपण वर मानले. ते काही अगदी खरे नाही. विहिरीवर पाणी शेंदताना बघा. रिकामी बादली भराभर वर येते, पण हाताला ओढ जाणवत नाही. काठोकाठ भरलेली बादली जोर काढते, पण सावकाश येते. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल कमी होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूंवर मोजमापे करून या नात्याचे समीकरण मांडले. स्नायूंच्या कामाविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक आधीच मिळालेले होते. स्नायू आपल्या कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने आखडतो तेव्हा त्याची शक्ती, म्हणजे सेकंदाला होणारे काम, सर्वांत जास्त असते. अगदी हलक्या वस्तूला तो ऊर्जा देऊ शकत नाही, कारण ती हातातून लगेच निसटते. अगदी जड वस्तूलाही नाही, कारण ती हलतच नाही.

आता सरावाकडे येऊ. सरावाने स्नायूंची ताकद वाढते हे खरे, पण ती ज्या वेगाने सराव केला त्या वेगापाशी सर्वांत जास्त वाढते. दोन किलोचा गोळा रोज सावकाश ढकलणाऱ्याचा हात सावकाश ढकलण्यात पटाईत होतो. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली दिसते ती स्नायू जाड झाल्यामुळे नव्हे. कोणत्या स्नायूने केव्हा आखडायचे आणि त्याच वेळी कोणत्या स्नायूने ढिले राहायचे, हे मेंदू आणि मज्जातंतू आधी शिकतात. वयात न आलेल्या मुलांची ताकद तर मुख्यतः अशीच वाढते. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये या क्रमाला फारच महत्त्व आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या सर्व्हिसचे चित्रण करून मोजमापे झाली, तेव्हा पुरुष खेळाडूंचा दंड खांद्याच्या सांध्यात सेकंदाला दोन हजार अंशांहून जास्त वेगाने वळतो असे आढळले. म्हणजे सेकंदाला सहा पूर्ण फेऱ्यांच्या वेगाने, अर्थात एका फेरीचा लहानसा तुकडाच. एवढा वेग एकटा खांदा निर्माण करू शकत नाही. पाय जमीन रेटतात, कंबर वळते, धड वळते, मग खांदा, कोपर, मनगट. आसुडाच्या मुठीला दिलेला हिसका जसा टोकापर्यंत वाढत जातो, तसेच हे. सर्व्हिसची सुमारे निम्मी ऊर्जा पाय आणि धडाकडून येते.

मग पावसातल्या चेंडूनंतर कोरडा चेंडू हलका वाटतो, त्याचे काय? ‘वाटतो’ हाच शब्द तिथे नेमका आहे. अमेरिकेतले बेसबॉल खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वी बॅटवर वजनाचे कडे चढवून ती फिरवतात. कडे काढले की बॅट हलकी लागते. हा परिणाम मोजणाऱ्यांना असे आढळले, की बॅट हलकी वाटते हे खरे, पण तिचा वेग वाढत नाही. उलट पहिल्या काही फटक्यांत किंचित घटतो. आपल्या मेंदूने जड बॅटच्या हिशोबाने स्नायूंच्या वेळा जुळवलेल्या असतात, त्या क्षणात बदलत नाहीत. हाताला काय वाटते आणि हात काय करतो यांत अंतर असू शकते, हे दाखवणारे इतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

जड चेंडूचा मात्र काहीच उपयोग नाही, असेही नाही. भालाफेक आणि गोळाफेक करणारे खेळाडू नेहमीच्या वजनापेक्षा थोडी जड आणि थोडी हलकी साधने सरावात वापरत आले आहेत. हवाई विद्यापीठातील कूप डेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत बेसबॉलपटूंवर हे तपासले. बेसबॉलचा चेंडू १४२ ग्रॅमचा. त्यांनी सरावात ११३ आणि १७० ग्रॅमचे चेंडू आणले, म्हणजे वीस टक्के इकडे आणि वीस टक्के तिकडे. तिन्ही चेंडू आलटून पालटून फेकणाऱ्यांचा वेग वाढला. फेकीचा ढंग बिघडू नये एवढाच फरक ठेवला होता, हे लक्षात घ्या. जड चेंडूने बल वाढले, हलक्याने वेग, आणि दोन्हींची सांगड नेहमीच्या चेंडूने घातली.

फरक वाढवला की चित्र बदलते. २०१८ साली अमेरिकेत १३ ते १८ वर्षांच्या ३८ बेसबॉल गोलंदाजांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सहा आठवडे ५७ ग्रॅमपासून ९०७ ग्रॅमपर्यंतचे चेंडू फेकायला दिले, बाकीच्यांनी नेहमीच्याच चेंडूने सराव केला. जड चेंडूवाल्यांचा वेग सरासरी ३.३ टक्क्यांनी वाढला. ताशी १०० किलोमीटरला फक्त तीन किलोमीटरची भर. त्यांचा खांदा मागे वळण्याची मर्यादाही सुमारे चार अंशांनी वाढलेली होती. आणि त्याच गटातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुखापत झाली. चौघांची कोपरे दुखावली, त्यांतली दोन सरावाच्या काळात आणि दोन पुढच्या हंगामात. दुसऱ्या गटात एकालाही काही झाले नाही. ३८ ही संख्या लहान आहे, त्यामुळे टक्केवारी फार ताणू नये. पण मला तरी हा सौदा महागच वाटतो.

कोपरच का दुखावते? फेकीच्या मधल्या एका क्षणाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. धड आणि कोपर पुढे निघालेले आहेत, पण तळहात आणि चेंडू अजून मागे आहेत. चेंडू जडत्वामुळे मागेच राहू पाहतो. अशा वेळी कोपराची आतली बाजू उघडायला बघते आणि तिथला अस्थिबंध ताणला जातो. चेंडू जितका जड तितका हा ताण वाढण्याची शक्यता जास्त. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो. अस्थिबंध आणि कंडरा यांना कितीतरी जास्त काळ लागतो. शाळकरी वयात आणखी एक नाजूक जागा असते. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढीची पट्टी असते, तिथूनच हाड लांब होते. कोपराजवळच्या पट्ट्या साधारण चौदा ते सतरा या वयात भरून येतात, खांद्याजवळची त्याहून उशिरा. तोवर ही पट्टी शेजारच्या हाडापेक्षा आणि अस्थिबंधापेक्षाही कमकुवत असते. मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जाईल अशा ओढीने मुलाची वाढीची पट्टीच सुजू किंवा सरकू शकते. म्हणून वरच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की दहावीपर्यंतच्या मुलाने एका हाताने जोरात फेकण्यासाठी वाळूचा चेंडू घेऊ नये.

टेनिसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बेसबॉलच्या खेळाडूला चेंडूच फेकायचा असतो. टेनिसच्या खेळाडूच्या हातातला भार चेंडू नसून रॅकेट असते. तिचे वस्तुमान ३०० ग्रॅमच्या आसपास आणि लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. तिला मुठीभोवती फिरवताना लागणारे जडत्व आघूर्ण साधारण ०.०३ किलोग्रॅम-वर्ग मीटर भरते. तळहातातला, मनगटापासून १० सेंटिमीटरवरचा २०० ग्रॅमचा चेंडू घेतला तर हाच आकडा ०.००२ येतो. पंधरापट फरक! तेव्हा वाळूचा चेंडू फेकून खांद्याला काही सराव होईल, पण रॅकेट फिरवणाऱ्या मनगटाला त्यातून काही शिकता येत नाही. रॅकेटची गोष्ट रॅकेटनेच शिकावी लागते.

आणि वजनदार चेंडू रॅकेटने मारणे, हे तर कोणत्याच वयात करू नये. सर्व्हिसमध्ये चेंडू आणि रॅकेटच्या तारा यांचा स्पर्श सुमारे पाच सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्यात ५७ ग्रॅमचा चेंडू शून्यापासून ताशी १८० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ५० मीटरला जातो. संवेगातला बदल भागिले वेळ केले की सरासरी बल ५७० न्यूटन येते, म्हणजे जवळजवळ ५८ किलो वजनाइतके. (अमेरिकेच्या जॉन इस्नरने २०१६ साली डेव्हिस चषकाच्या सामन्यात केलेली सर्व्हिस ताशी २५३ किलोमीटरची होती.) चेंडू तिप्पट जड केला तर रॅकेटमधून हाताकडे जाणारा धक्का किती वाढेल, याचा अंदाज विद्यार्थीही करू शकतील. हा धक्का शेवटी कोपराच्या बाहेरच्या बाजूला, मनगट मागे वळवणारे स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे जाऊन पोहोचतो. तिथे होणाऱ्या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. ते टेनिस न खेळणाऱ्यालाही होते; २००४ साली सचिन तेंडुलकरला याच दुखण्याने मैदानाबाहेर बसवले आणि २००५ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

आता पकडीविषयी. जुना टेनिसचा चेंडू मुठीत दाबणे हा तसा बिनधोक व्यायाम, पण तो नेमके काय करतो हे वर्गात करून बघण्याजोगे आहे. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात, कठपुतळीच्या दोऱ्यांसारख्या. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. आतल्या बाजूचे स्नायू कडक होतील हे अपेक्षितच आहे. पण बाहेरच्या बाजूचेही होतील. मूठ मिटताना मनगट पुढे दुमडू नये म्हणून त्यांना मागून ओढून धरावे लागते. ते ओढून धरत नसतील तर काय होते? एका विद्यार्थ्याला मनगट पूर्ण पुढे दुमडून त्याच स्थितीत पेन्सिल घट्ट पकडायला सांगा आणि दुसऱ्याला ती ओढायला. पेन्सिल सहज निघते. मग मनगट थोडे मागे वळवून तोच प्रयोग करा. पहिल्या स्थितीत बोटे मिटवणारे स्नायू इतके आखूड झालेले असतात की त्यांना आणखी ओढायला जागाच उरत नाही, आणि पाठीमागच्या कंडरा ताणून बोटे उघडायला बघतात. टेनिस एल्बो होतो तो या ‘मागून धरून ठेवणाऱ्या’ स्नायूंपाशीच. म्हणून दिवसभर चेंडू दाबत बसणाऱ्याने तितक्याच वेळा बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडण्याचाही व्यायाम करावा.

शाळेत वजनदार चेंडू वापरायचाच असेल तर तो दोन्ही हातांनी फेकण्याचा वापरावा. जुन्या व्हॉलीबॉलमध्ये चिंध्या आणि थोडी वाळू भरून, शिवून, एक किलोचा चेंडू सहज करता येतो. दोन हातांनी फेकताना वेग कमी राहतो, कोपरावर ती आतून उघडणारी ओढ येत नाही आणि काम पाय-धडाचे होते, जे सर्व्हिसला हवेच असते. त्याचा पडताळाही घेता येतो. हा चेंडू छातीपासून आधी उभे राहून, मग खुर्चीवर बसून, मग पाठ भिंतीला टेकवून जमिनीवर बसून फेका आणि तिन्ही अंतरे मोजा. अंतर पायरीपायरीने कसे कमी होत जाते ते पाहिल्यावर पायांचा वाटा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक वेळी चेंडू जमिनीपासून किती उंचीवरून सुटला तेही लिहून ठेवायला सांगा, नाहीतर एखादा हुशार विद्यार्थी बरोबर तिथेच बोट ठेवेल.

दुसरा प्रयोग साध्या टेनिसच्या चेंडूने करायचा. प्रत्येकाने पाच फेकी उजव्या हाताने आणि पाच डाव्या हाताने कराव्यात. त्याआधी दोन्ही हातांनी पाण्याची भरलेली बादली किती वेळ धरता येते ते मोजून ठेवावे. बादलीच्या वेळांत थोडासाच फरक निघतो. फेकीच्या अंतरांत किती निघतो ते मोजा, आणि डाव्या हाताने फेकताना पाय, कंबर आणि खांदा कोणत्या क्रमाने हलतात ते मोबाइलवर मंद गतीने चित्रित करून उजव्या हाताच्या चित्रणाशेजारी ठेवून बघा.